द्वारकेची पाटी

बस तयार झाली की हनीफ मिस्त्री शेवटच्या सीटवर जाऊन बसायचे, डोळे मिटायचे आणि ड्रायव्हरला म्हणायचे, “चल, ओझरपर्यंत. खड्डे चुकवायचे नाहीत.” खडखड कुठून येते ते कानांनी शोधायचं आणि मगच गाडी मालकाच्या हवाली करायची. पंचेचाळीस वर्षं नाशिकच्या द्वारका भागातल्या एका गल्लीत त्यांनी बसच्या बॉड्या बांधल्या त्या अशाच. त्याआधी त्यांचे अब्बा टांगे बांधायचे.

आजची बस शेवटची होती. हात थरथरायला लागले होते. आपण काम सोडलं तरी ड्रायव्हरच्या डोक्यावरची पितळी पाटी गावोगाव फिरेल, एवढ्याच एका गोष्टीचा मिस्त्रींना आधार होता. पाटीवर वर ‘हनीफ मिस्त्री’ आणि खाली ‘द्वारका, नाशिक’ असं कोरलेलं.

आडगाव मागे पडलं आणि त्यांचे डोळे खाडकन उघडले. टिक. टिक. टिक.

“थांबव!”

दांडे धरत ते पुढे आले. आवाज त्यांच्या पाटीचाच होता. तीन स्क्रू गायब, चौथ्यावर बिचारी लोंबत होती.

“हे कोणी केलं?”

पुढच्या सीटवरचे मालक रोहितशेठ खाकरले. “चाचा, राग मानू नका. मीच सांगितलं होतं काढायला, पोरांनी अर्धवट सोडलं. माणूस चढल्या चढल्या द्वारका वाचतो, त्याला वाटतं गल्लीत ठोकलेली गाडी.”

“मग कुठे ठोकली? राजवाड्यात?”

“तसं नाही हो! बाहेर सोनेरी अक्षरांत ‘लक्झरी कोच’ लिहून घेतलंय मी. आत हे शोभत नाही. तुमचं नाव राहू द्या हवं तर, पण गाव बदला. बंगळूर टाका, भारी बस तिथेच बांधतात असं लोक समजतात.”

 मिस्त्रींची हत्यारांची पिशवी घेऊन शेजारी उभी असलेली त्यांची नात नाझिया कॉलेजात इंग्रजी शिकत होती. ती म्हणाली, “शेठ, कोच हा शब्द आला कुठून, माहीत आहे?”

“इंग्रजी आहे की.”

“इंग्रजांनीही तो बाहेरून घेतला. हंगेरीत कोच नावाचं एक खेडं आहे. पाचएकशे वर्षांपूर्वी तिथले कारागीर फार चांगल्या घोडागाड्या बांधायचे. लोक म्हणायचे, कोचची गाडी. गाडी देशोदेशी गेली, नावही गेलं. पुढे रेल्वेचा डबा कोच, बसही कोच.”

“म्हणजे मी खेड्याचं नाव लिहून घेतलंय?”

“तेही सोनेरी अक्षरांत.”

ड्रायव्हर फिस्सकन हसला. मिस्त्री मात्र हसले नाहीत. “आणि त्या मिस्त्र्यांची नावं?”

“ती कुणाला माहीत नाहीत, दादाजी.”

“बघ!” त्यांनी दांड्यावर मूठ आपटली. “पाचशे वर्षं झाली, तरी तेच! अब्बांनी शेकडो टांगे बांधले, एकावर नाव नाही. मी पितळेत कोरून घेतलं, तर हे बंगळूर टाका म्हणतात!”

“माणसाचं नाव राहत नाही, तर गावाचं तरी राहू दे,” ते म्हणाले. मग त्यांनी पाटी उतरवली, पिशवीतून पत्र्याची कात्री काढली आणि स्वतःच्या हातांनी पाटी आडवी कापली. वरचा तुकडा खिशात गेला. खालचा, ‘द्वारका, नाशिक’, त्यांनी जागेवर धरला आणि नाझियाकडे ड्रिल मागितलं. या खेपेला स्क्रू नव्हते, पुन्हा न निघणारे चार रिवेट ठोकले. हात थरथरत होते, पण एकही तिरका बसला नाही.

“आणि मी काढली तर?” शेठ कुरकुरले.

“काढा की. छताचा पत्रा फाटेल. मग जोडायला न्या बंगळूरला.”

शेठ आपल्या सीटवर जाऊन बसले. ही गाडी उद्या सहलीला जायची होती.

मिस्त्री पुन्हा शेवटच्या सीटवर जाऊन बसले, शेजारी नाझिया. बस निघाली, खड्ड्यांत आदळली. छत गप्प, खिडक्या गप्प. पण जवळच कुठेतरी टिक, टिक सुरू झालं.

“आवाज येतोय का गं?” त्यांनी चिडून विचारलं.

नाझियाने ऐकलं. त्यांच्या खिशातला पितळेचा तुकडा किल्ल्यांवर वाजत होता.

“नाही, दादाजी.”

मिस्त्रींनी खिसा मुठीत घट्ट आवळून धरला आणि डोळे मिटले.