पाटीवर नाही म्हणजे झालंच नाही

आमच्या नाक्यावर वाचनालयाच्या भिंतीला एक भलामोठा काळा फळा टांगलेला होता. वाचनालयाच्या लेखी त्याचं नाव वार्ताफलक, पण कामतघरच्या चाळींपासून मच्छीबाजारापर्यंत सगळे त्याला पाटी म्हणत. ऐंशीचं दशक संपता संपता ती पाटी लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि पुढची काही वर्षं, म्हणजे ती काढून नेली जाईपर्यंत, मीच ती लिहिली.

वडील एका लूम कारखान्यात मेहताजी होते, म्हणजे कारकून. कामावर जाण्याआधी वाचनालयात बसून ते आलेली वर्तमानपत्रं चाळत. उर्दू पेपर शेजारच्या अत्तरवाल्या चाचांकडून ऐकून घेत. त्यातून निवडलेलं ते मला सांगत आणि मी स्टुलावर चढून लिहीत असे. फळ्याचे भाग ठरलेले होते. वर राजकारण. त्याच्याखाली 'आमचं मत' म्हणून वडिलांची एक ओळ. मधे सिनेमा. तळाला 'नवल', म्हणजे जगात कुठे कोंबडीनं चौकोनी अंडं घातलं, कुठे माणसानं काचेचा बल्ब खाल्ला, असला ऐवज.

वडील त्या एका ओळीसाठी अर्धा तास डोकं खाजवत. सरकार पडलं तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, 'पडले ते पुन्हा उठतील, उठवणारे आपणच.' मला ते फार आवडलं होतं. पण वाचणाऱ्यांचे डोळे सिनेमावरून घसरत थेट चौकोनी अंड्यावर. खारबावला कोणाच्या परसातल्या भोपळ्यावर देवाचा चेहरा उमटल्याचं मी एकदा लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी अर्धा नाका भोपळा बघायला गेला. मंत्र्यानं तिसऱ्यांदा पक्ष बदलला त्याचं कुणाला काही नाही, भोपळ्याचं मात्र कौतुक! माझा तेव्हाही संताप व्हायचा आणि आजही होतो.

दुसरा संताप स्टुलाचा. मुलीच्या जातीनं भर नाक्यात स्टुलावर चढून लिहावं का, यावर पानाच्या गादीपाशी नियमित चर्चा चाले. नजर त्यांची, आणि उतरायचं मी! आईनं वडिलांना सांगून बघितलं, पण ते म्हणाले, "अक्षर तिचं चांगलं आहे, गादीवाल्याचं नाही." विषय तिथेच संपला.

पाटीच्या डाव्या बाजूला पांढऱ्या रंगानं आखलेला एक उभा पट्टा होता. तो मयताचा. कोण गेलं, प्रेत किंवा जनाजा किती वाजता आणि कुठून निघणार, एवढंच तिथे लिहायचं. माणूस घरातून निघेपर्यंत तो मजकूर पुसायचा नाही, हा नियम होता आणि तो कोणी मोडत नसे. गावभर निरोप धाडायचे तर कारखान्यात लूमच्या खडखडाटात कोणाला काही ऐकू येत नाही, आणि टेलिफोन नाक्यावर मोजून दोन. त्यामुळे शिफ्ट सुटली की लोक आधी डावीकडचा पट्टा बघत, मग सिनेमा.

आणि पाटीचा शब्द शेवटचा मानला जाई. त्याला कारण होतं. दंगलीनंतरच्या वर्षांत आमच्या गावाला अफवांची इतकी धास्ती बसली होती की कोणी नुसता धावत गेला तरी शटरं पडत. तेव्हा हिंदू-मुसलमान दोन्हीकडची जाणती माणसं वाचनालयात बसली आणि त्यांनी ठरवलं, की पाटीवर लिहिलं असेल तेच खरं धरायचं. पाटीवर नाही म्हणजे झालंच नाही. या एका वाक्यानं कितीतरी वेळा आमच्या गल्लीतली दुकानं उघडी राहिली. म्हणून मला त्या फळ्याचा अभिमान होता, आणि म्हणूनच पुढे जे झालं त्याचा राग इतक्या वर्षांनीही शमत नाही.

कामतघरच्या एका चाळीत एक म्हातारी राहत असे. जवळच्या कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसते ती सुताची कांडी मशीनवर गुंडाळायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. आम्ही सगळे तिला मावशी म्हणत असू. तिला अक्षर येत नव्हतं, पण शिफ्ट सुटली की ती पाटीसमोर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राही आणि मला वाचायला लावी. राजकारण ऐकून तिचं मत ठरलेलं असे, "सगले येकाच ताग्याचं कापड हाय गो. फाड कुठूनबी, सूत त्योच." वडिलांच्या ओळीपेक्षा हे बरं आहे असं मला वाटे, पण ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

सिनेमाची तिला भारी हौस. एका हिरोवर तिचा जीव होता. तो मेल्याची अफवा दर पावसाळ्यात उठे आणि ती लगबगीनं येऊन विचारी, "काय गो, जिता हाय का गेला?" मी पाटीकडे बोट दाखवलं की तिचा जीव भांड्यात पडे. एकदा अशीच खात्री करून घेतल्यावर जाता जाता म्हणाली, "माजं लिवशील ना गो तिथं? मना कोन हाय सांगायला? तू लिवलंस तर चार मानसं येतील, न्हायतर म्युनसिपाल्टीची गाडी न्हेईल." मी हसून म्हटलं, "मावशी, तुझ्यासाठी अख्खी शिफ्ट येईल." ती हसली नाही. "लिव म्हंजे झालं," म्हणाली.

त्यानंतर वर्षभरात निवडणूक लागली. आमचे नगरसेवक, ज्यांना त्यांचे कार्यकर्ते, म्हणजे मागे फिरणारी पोरं, दादा म्हणत, पुन्हा उभे होते. त्यांच्या मेहुण्याचं साड्यांचं दुकान नाक्यावर निघत होतं आणि उद्घाटनाला सिनेमातली एक नटी येणार होती. नटी आणि निवडणूक दोन्ही एकाच मांडवात उरकायचा बेत होता. आठवडाभर रिक्षातून भोंगे ओरडत होते. रस्त्यावरचे जे खड्डे पाच वर्षं कोणाला दिसले नाहीत, ते तिच्या गाडीसाठी दोन दिवसांत बुजले. वडिलांनी त्यावर ओळ दिली, 'नटी दर महिन्याला यावी.' ती ओळ दादांना झोंबल्याचं आमच्या कानावर आलं होतं.

उद्घाटनाच्या दिवशी पहाटे आमचं दार वाजलं. मावशीच्या शेजारच्या मशीनवर काम करणारी खाला उभी होती. डोळे सुजलेले. "बेटी, बुढिया गई," ती म्हणाली. "रात को सोई, उठीच नाही. पाटी पे लिख. लोगों को बता." वडील तसेच चाळीकडे गेले. मी जाऊन पट्ट्यात मावशीचं नाव लिहिलं, अगदी ठळक, आणि खाली लिहिलं, 'अंत्ययात्रा अकरा वाजता, राहत्या चाळीतून.' रात्रीची शिफ्ट आठला सुटायची, म्हणजे सगळ्यांना वेळेत कळणार होतं. मग मी मावशीला आंघोळ घालणाऱ्या बायकांना हात द्यायला गेले.

दहा वाजले तरी चाळीत आम्ही मोजकीच माणसं. कारखान्यातलं कोणीच नाही. पळत नाक्यावर आले तर पाटी दिसेना. म्हणजे पाटी होती, पण तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल-पिवळा ऑइलपेंट फासलेला होता. राजकारण, सिनेमा, नवल, पट्टा, काहीही शिल्लक नव्हतं. मधोमध नटीचं नाव आणि खाली हात जोडलेले दादा. रंग अजून ओला होता.

मी शिडीवरच्या पोराला विचारलं, "इथं मयताचं लिहिलं होतं, ते पुसलंस?"

"ताई, येक दिवसाचा तर प्रश्न हाय. उद्या पुसून देतो."

"माणूस आज जातंय. उद्या काय वाचायचं?"

त्यानं खांदे उडवले. "दादांनी सांगितलं, अख्खी पाटी घे. आणि म्हातारीचं कोन हाय वाचनारं?"

कोण आहे वाचणारं! अख्खी शिफ्ट तिथेच होती, मांडवासमोर, नटीची वाट बघत. मी ओरडून सांगायला लागले, पण भोंग्यावर गाणं लावलेलं. मावशीच्याच खात्यातल्या दोन बायका गर्दीत सापडल्या. त्यांना खालानं सकाळीच गेटवर सांगितलं होतं. त्यांनी आठला सुटून येताना पाटी बघितली, तोवर पट्ट्यावर रंग चढला होता, मावशीचं नाव नाही, म्हणून त्या खालालाच रागावल्या होत्या, की चांगल्या जित्या बाईबद्दल असलं बोलतेस? गेल्या पावसाळ्यात हिरोला मारलं, आता हिला मारता? मी सांगितल्यावर त्यांची तोंडं उतरली. पण गर्दी इतकी दाटली होती की त्यांना मागे वळता येईना, आणि माझ्या हाताशी वेळ नव्हता.

उन्हाचा दिवस होता, थांबणं शक्य नव्हतं. मावशीला उचललं तेव्हा खांद्याला माझे वडील, चाळीतला एक रिक्षावाला आणि खालाचे दोन मुलगे. बदलायला पाचवा माणूस नव्हता. वडिलांचा खांदा दुखायला लागला की चौघंही थांबत आणि पुन्हा चालत. बायकांनी स्मशानात जायचं नाही म्हणतात; मी आणि खाला मागून गेलो, आणि आम्हाला अडवायलासुद्धा कोणी नव्हतं. नाक्यावर पोरांनी आम्हाला हात केले, "इकडून नका, मांडव हाय," आणि तबेल्यामागच्या शेणाच्या बोळातून पिटाळलं. आयुष्यभर ज्या पाटीसमोर ती बाई उभी राहिली, त्या पाटीसमोरून तिला जाऊ दिलं नाही. मी त्या बोळात रडले, ते दुःखानं नाही, रागानं.

नटी दुपारनंतर आली. गाडीतून उतरली नाही. काचेआडून हात हलवला आणि गेली.

दोन दिवसांनी गावातल्या एका साप्ताहिकात बातमी आली, 'निराधार वृद्धेला लोकनेत्याचा खांदा.' उद्घाटनाची लगबग बाजूला ठेवून दादा धावून गेले, स्वतः खांदा दिला, डोळे पाणावले, वगैरे. बाजूलाच नटीचा फोटो. म्हणजे मेलेल्या बाईचं मत मिळत नाही, म्हणून तिचं मढंच प्रचाराला लावलं होतं. लाज कशाशी खातात हेही या लोकांना ठाऊक नव्हतं!

वडिलांनी बातमी दोनदा वाचली. शेवटी म्हणाले, "छापून आलंय."

"मग?"

"मग काय? तू रॉकेल आण."

आम्ही दोघांनी रॉकेलच्या बोळ्यांनी आणि ब्लेडनं तो रंग खरवडला. बोटं सोलवटली. फळा पूर्वीसारखा काळा झालाच नाही, पण खडू धरण्यापुरता झाला. मग मी लिहिलं. पट्ट्यात मावशीचं नाव आणि 'यांची अंत्ययात्रा झाली.' सिनेमात, 'नटी आली. काच खाली केली नाही.' राजकारणाच्या जागी, 'खांदा देणारे चौघे: एक मेहताजी, एक रिक्षावाला, लूमवर काम करणारे दोघे भाऊ.' आणि तळाला, चौकोनी अंड्याच्या जागी, 'नवल: हात न लावता खांदा देता येतो. पाहा या आठवड्याचं साप्ताहिक.' 'आमचं मत' तेवढं रिकामं ठेवलं होतं. वडिलांनी या खेपेला डोकं खाजवलं नाही. म्हणाले, "लिही, 'छापलंय ते खोटं.'"

शिफ्ट सुटली. एकजण वाचायला लागला आणि बाकीचे ऐकत उभे राहिले. त्या दोन बायकांपैकी एक पुढे आली आणि माझ्यावरच ओरडली, "आधी का न्हाय लिवलंस?" लिहिलं होतं म्हटल्यावर तिनं तोंडाला पदर लावला. "खालाला मी खोटी ठरवली गो," एवढंच ती म्हणत राहिली. मग ती सरळ खालाच्या घरी गेली.

दुपारी दादा स्वतः आले. पांढरे कपडे, मागे पोरं. सावकाश सगळं वाचलं आणि गोड आवाजात म्हणाले, "ताई, शोभतं का हे? शिकलेली मुलगी तू."

मी पुसट झालेली अक्षरं गिरवत स्टुलावर उभी होते. म्हटलं, "यातलं काय खोटं आहे ते सांगा. आत्ता, सगळ्यांसमोर. पुसते."

मागे शंभरेक माणसं तरी असतील. कोणी जागचं हललं नाही. दादांनी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं, जणू कुठेतरी एखादं खोटं सापडेल. मग हसले, वडिलांच्या पाठीवर थाप मारली आणि गेले.

निवडणूक ते जिंकले. का जिंकणार नाहीत? खड्डे बुजले होते, नटी आली होती. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांची पोरं भर दुपारी आली आणि भिंत सार्वजनिक आहे, तिथे आता दादांच्या आभाराचा बोर्ड लागणार आहे, असं सांगून खिळे उपसायला लागली. वडील मधे पडले, त्यांना बाजूला सारलं. फळा जुन्या सागवानाचा होता, एकट्या-दुकट्याला पेलणारा नव्हता. तो न्यायला चौघं आली होती. चौघांनी चार कोपरे धरले, खांद्यावर घेतला आणि मोठ्या रस्त्यानं, भर नाक्यातून घेऊन गेली. मावशी गेली त्या सकाळी यातल्या एकालाही सवड नव्हती.