केरूअप्पांचे अनवाणी पाय

सिन्नरच्या केरूअप्पांना कमी ऐकू यायला लागलं, तसं मुलानं, रविराजनं, त्यांना गॅरेजमधून घरी बसवलं. "मेकॅनिकला कान लागतात, अप्पा." महिनाभरात अप्पांनी घरातले सगळे पंखे उघडून पुन्हा जोडले. सून स्नेहल टेकीला आली.

मग डोंगरात फिरवायची एक फोर बाय फोर जीप दुरुस्तीला तिसऱ्यांदा परत आली. साठच्या पुढे ती थरथरायची. रविराज गिअरबॉक्स उतरवणार म्हटल्यावर स्नेहलनंच सासऱ्यांना गॅरेजवर नेलं.

अप्पा चपला काढून जीपमध्ये बसले. रविराजनं वेग साठवर नेला.

"आता न्यूट्रल कर," अप्पा म्हणाले. इंजिन मंदावलं, पण तळपायाला थरथर तशीच लागत होती. "इंजिन नाय. चाकं फिरवणारा खालचा शाफ्ट हाय."

"तो बघितलाय मी. नवाकोरा दिसतोय."

"दिसणारच. दसऱ्याला रंगवलास ना?"

पूजेसाठी रविराजनं शाफ्ट सोडवून काळा रंगवला होता. अप्पांनी रंग खरवडला. शाफ्टच्या दोन भागांवरचे बाण समोरासमोर यावे लागतात. रंगाखाली ते दिसेनासे झाले आणि जोडताना एक भाग फिरून बसला होता. रविराजनं बाण जुळवले. जीप ऐंशीलाही थरथरली नाही.

घरी स्नेहलनं विचारलं, "उद्या डबे किती?"

"दोन," रविराज म्हणाला.

अप्पांना ऐकू गेलं नाही. स्नेहलनं त्यांना दोन बोटं दाखवली.

"माझ्यात तिखट बेतानं टाक," अप्पा म्हणाले.