तीन ठोके

आमच्या दारावर काठीचे तीन ठोके पडले, की समजायचं शेजारचे नाटककार आले. आपल्याकडे तिसरी घंटा होते ना, तसे त्यांच्या फ्रान्समध्ये पडदा उघडण्याआधी ठोके देतात. पण क्राइस्टचर्चला तेव्हा भूकंपाचे धक्के अजून थांबले नव्हते. पहिल्याच ठोक्याला माझी आई टेबलाखाली!

"मेल्याला बेल वाजवता येत नाही?" ती तिथूनच म्हणायची.

"ठोक्यांशिवाय प्रवेश कसा घेऊ?" ते मला विचारायचे.

पॅरिसमध्ये त्यांची नाटकं जोरात चालायची. मग एका निर्मात्यानं सिनेमा लिहायला बोलावलं, पहिलाच सिनेमा चालला आणि नाटक सुटलं ते सुटलंच. अशाच एका सिनेमासाठी ते न्यूझीलंडला आले आणि आमच्या रिकार्टन उपनगरातच राहिले. नाटकात त्यांच्या शब्दाला कुणी हात लावत नसे. सिनेमात ज्याच्या त्याच्या हाती कात्री. आईचे पोहे खातानाही मध्येच थबकायचे. "कालचा प्रसंग छान उतरलाय. म्हणजे कापतीलच."

शेवटची पटकथा होती भूकंपात तडकलेलं घर सोडणाऱ्या म्हातारीची. संवाद कुणाला ऐकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ते इंग्रजीत वाचत, मी आईला मराठीत सांगत असे. म्हातारी कुलूप लावते आणि घराला म्हणते, "जाते मी."

"जाते?" आई उसळली. "घरातून निघताना असं अभद्र बोलतात का? येते म्हणावं!"

मी ते त्यांना सांगितलं. त्यांनी लगेच पेन काढलं. वाक्य बदललं, आणि तेव्हापासून त्यांची झोपच उडाली. कुंपणापाशी भेटले की एकच. "बाकी सगळं कापू देत, एवढं राहू दे. पण कापतील रे." पुढे पुढे मलाही त्याचा घोर लागला.

चित्रीकरण संपलं आणि त्यांच्या छातीत कळ आली. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढवताना त्यांनी आईला हात केला आणि तिनंच शिकवलेल्या मराठीत म्हणाले, "येतो."

आले नाहीत.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही दोघं गेलो. शेवटच्या प्रसंगाला मी खुर्चीत पुढे सरकून बसलो. म्हातारीनं कुलूप लावलं, दारावर हात ठेवला आणि काही न बोलता गाडीकडे वळली.

कापलं होतं. मला रडूच आलं.

"अगं, येते म्हण की!" आई भर थिएटरात ओरडली.