तिसऱ्या रांगेतलं हसणं

“हसू दारात आलं की कडी काढायची. पाव्हण्याला ‘कामून आलास’ म्हून इचारीत नसतेत.”

रामकिसन नवपुते हे वाक्य उठता-बसता म्हणायचा. चितेगावात त्याची पिठाची गिरणी आहे. शेजारी माझं वेल्डिंगचं दुकान. पैठण रोडवरून कंपन्यांच्या गाड्या जातात, तेव्हा माझ्या दुकानावर एका बाजूनं रस्त्याचा धुरळा बसतो आणि दुसऱ्या बाजूनं रामकिसनचं पीठ. त्याच्या भुवया, मिशा, कानाच्या पाळ्या बारमाही पांढऱ्या. हसला की आधी नाकातून चाळणी हलवल्यासारखा बारीक आवाज यायचा आणि मग छातीतून एकदम पोतं उलटं केल्यासारखं हसू सांडायचं. गिरणी चालू असली तरी ते रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. दळणाला आलेल्या बायकांना कशाचं हसू ते ठाऊक नसायचं, तरी त्या हसायच्या. त्याची बायको आशाबाई म्हणायची, “या माणसाला मयतीला न्यायची सोय नाय.”

याच हसण्यानं त्याची आणि विश्वजीत म्हस्केची गाठ घातली.

विश्वजीत शहरातल्या मुकुंदवाडीचा. एकटाच स्टेजवर उभा राहून किस्से सांगायचा. पुढं त्याचे व्हिडिओ घराघरातल्या फोनवर गेले, पण आमच्या गावच्या यात्रेत पहिल्यांदा आला तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं. लोक कुस्त्यांची वाट बघत होते. तो बोलत होता आणि समोरची माणसं शेंगा सोलत होती. सासुरवाडीच्या म्हशीनं जावयाला लाथ घातली, असा काहीतरी साधाच किस्सा होता. बोलून झालं. कुणी हसलं नाही. बिचाऱ्यानं तोंड पुसायला खांद्यावरचा गमछा काढला आणि दुसऱ्या खांद्यावर टाकला, तेवढ्यात रामकिसनच्या नाकात चाळणी हलली. पोतं सांडलं. पोत्यामागं सगळं गाव सांडलं.

दुसऱ्या दिवशी पोरगा गिरणीत हजर. वाकून पाया पडला. “मामा, तुमी हसलात म्हून मी स्टेजवर टिकलो. आता मला सोडू नका.”

तेव्हापासून शहरात त्याचा कार्यक्रम असला की रामकिसन तिसऱ्या रांगेत कडेला बसायचा. दोघांची एक खूण ठरली होती, आणि ती मला आणि आशाबाईलाच ठाऊक होती. विश्वजीत बोलता बोलता थांबला आणि त्यानं गमछा या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकला, की रामकिसननं हसायचं. हसू खोटं नसायचं. ते आतून आलेलंच असायचं, फक्त गमछा फिरेपर्यंत तो ते दाबून धरायचा. विश्वजीत म्हणायचा, “मामा, मी बी तुमच्यावानीच दळतो. जे घरून आणलं तेच. बाहेरचा दाणा नाय.” आम्ही यालाही हसलो होतो.

शेवटच्या कार्यक्रमाला मीही होतो. नाट्यगृह गच्च भरलं होतं. विश्वजीत झोपेवर बोलत होता. म्हणाला, “झोप माझ्या दारापर्यंत येती बरं का. आत डोकावती. म्हणती, अगं बाई, हा घरीच हाय व्हय? मग नंतर येते.” लोक हसून हसून वाकले. मग तो म्हणाला, “मंडळी, मी लई थकलोय आता.” आणि थांबला.

गमछा हलला नव्हता. मी बघत होतो, गमछा होता तिथंच होता. पण त्याचं थांबणं एवढं ओळखीचं होतं, की रामकिसनचं हसू निघून गेलं. नाट्यगृह हसलं. विश्वजीतनं खाली बघितलं, मग कमरेत वाकून तिसऱ्या रांगेला नमस्कार केला. आत्ता कुठं गमछा फिरवला आणि पुढचा किस्सा सुरू केला.

त्यानंतर काही आठवड्यांनी सकाळी दुकान उघडताना माझ्या फोनवर बातमी आली. विश्वजीत गेला. त्यानं स्वतःच जायचं ठरवलं होतं. मी शेजारी गेलो. रामकिसननं ऐकलं, बटण दाबलं, पट्टा हळूहळू थांबला. एक बाई म्हणाली, “दादा, माझं अर्धंच झालं की.” त्यानं तिच्याकडं बघितलं, पण त्याला ती दिसली नसावी.

संध्याकाळी आम्ही शहरात औरंगपुऱ्यात गेलो. तिथं त्याच्या चाहत्यांनी मेणबत्त्या लावल्या होत्या. मोठा फ्लेक्स होता आणि त्याच्यावर तो दात दाखवून हसत होता. खाली लिहिलं होतं, भावपूर्ण श्रद्धांजली. पोरं म्हणाली, दुसरा फोटोच सापडला नाही. कुणी रडत होतं, कुणी म्हणत होतं, “काय कमी होतं त्याला?” कुणीतरी फोनवर त्याचा जुना किस्सा लावला. दोघंतिघं खुदकन हसले, मग सगळा रस्ताच हसायला लागला, आणि एकदम थांबला. चोरी करताना सापडल्यासारखी माणसं एकमेकांकडं बघत राहिली. आपण इथं काय करायला आलोय, हे कुणालाच नीट कळत नव्हतं.

चाहत्यांचा म्होरक्या अतुल. त्यानं रामकिसनला ओळखलं. “काका, तुम्हीच ना ते? व्हिडिओत आवाज येतो ते?”

“व्हय.”

“मग एकदा हसा ना काका. भाऊला तेच आवडायचं.”

“बाबा, असं कसं येईल?”

मागून एक कॉलेजातली मुलगी पुढं आली. श्रेया तिचं नाव. डोळे सुजलेले. तिनं फोन पुढं धरला. “हे ऐका. ‘थकलोय’ म्हणाला तो. सांगत होता तो आपल्याला. आणि पहिलं हसणं कुणाचं आहे, ऐका.”

फोनमधून रामकिसनचं हसणं आलं. चाळणी, मग पोतं.

“अगे चूप, काका कू कायकू बोलरी?” अतुल खेकसला. “तू नाय हसली का? मी नाय हसलो का?”

“हसले ना!” ती रडायला लागली. “म्हणून तर विचारतेय.”

रामकिसन गाडीकडं वळला. चितेगावापर्यंत माझ्या गाडीवर मागं बसून होता, पण मागं कुणी बसलंय असं मला वाटलं नाही.

पुढं गिरणी चालू झाली, हसणं नाही. बायका मुद्दाम काहीबाही बोलायच्या. एकीनं नवऱ्याची नक्कल केली, दुसरीनं सरपंचाची. रामकिसन मान हलवायचा आणि गव्हात ज्वारी ओतायचा. जेवताना मध्येच विचारायचा, “गमछा हलला नव्हता ना रे?” मी म्हणायचो, नव्हता. कधी म्हणायचो, हलला असंल, मला दिसला नसंल. दोन्हीनं त्याला बरं वाटायचं नाही. शेवटी आशाबाई कडाडली, “मला नि याला काय इचारता? त्याच्या घरला जा, त्याच्या बायकोला इचारा. नायतर एक दिवस तुमीच जात्यात पडताल.” तिनं डब्यात ज्वारीचं पीठ भरून दिलं. दुःखाच्या घरी रिकाम्या हातानं जात नाहीत.

मुकुंदवाडीत स्टेशनच्या मागच्या गल्लीत विश्वजीतचं घर. त्याची बायको करुणा दारातच भेटली. “या मामा,” म्हणाली. आत सतरंजी अंथरलेली होती. डबा तिनं हातात घेतला आणि तसाच मांडीवर ठेवून बसली. पाणी झालं. बाहेरून रेल्वे गेली, ती लांब जाईपर्यंत आम्ही तिच्याच आवाजाकडं कान लावून बसलो.

मग रामकिसन म्हणाला, “ताई, त्या दिवशी त्यानं गमछा फिरवला नव्हता. मी हसलो. मी त्याचं बोलणं दाबलं का?”

करुणानं डब्याच्या झाकणावर बोट फिरवलं.

“त्या रात्री घरी आले ते पोटभर जेवले,” ती म्हणाली. “लई दिवसांनी. मला म्हणले, आज मामांनी वाचिवलं. तोंडातून निसटलं होतं माझ्या, मामा हसले म्हून झाकून गेलं. कुणाला कळलं नाय.”

“म्हंजे मी चांगलं केलं?”

“मला नाय सांगता येत मामा.” तिचा आवाज चढला आणि उतरला. “औषध चालू होतं त्यांचं. कुणाला सांगू देत नव्हते. लोकाला कळलं तर हसतील का मग, म्हणायचे. त्या दिवशी मी मागच्या रांगेत होते. मला औषधाच्या गोळ्या ठाऊक, जागरणं ठाऊक. तरी मी बी हसले. तुमच्या मागं मी बी हसले.”

“मग चूक कुणाची?”

“डॉक्टर म्हणतेत कुणाच्या हसण्यानं कुणी जात नसतं. आजार होता, म्हणतेत. दिवसा मला पटतं. तुमाला काय सांगू? तुमी हसला नसता तर ते त्या दिवशी बोलले असते का? का स्टेजवरून उतरून अजून लवकर... मी दोन्हीकडून इचार करते. दोन्हीकडून भिंतच लागती.”

रामकिसन शिक्षा घ्यायला आला होता, नाहीतर माफी. तिनं यातलं काहीच दिलं नाही. मामांनी आपल्याला वाचवलं असं जो मानत होता, तोच माणूस राहिला नाही, हे कुठल्या पोत्यात भरायचं ते त्याला कळेना. त्यानं टोपी काढली, झटकली, परत घातली. पीठ सतरंजीवर पडलं. ते पुसायला वाकला, तर जास्तच पसरलं.

“राहू द्या मामा,” करुणा म्हणाली.

तो उठला. सुतकाच्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत, आणि जाणाऱ्याला मागून हाकही मारत नाहीत. तो काही न बोलता बाहेर पडला. करुणा डबा घेऊन उंबऱ्यावर आली. पीठ तसंच भरलेलं, डबा परत द्यायचा राहिला होता. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. दोघांनीही हाक मारली नाही.

माझी गाडी डाव्या हाताला उभी होती. रामकिसन गाडीकडं न बघताच उजवीकडं निघाला. समोरच्या घरची म्हातारी तांदूळ निवडता निवडता थांबून बघत होती. गल्लीच्या तोंडाशी विश्वजीतची चार-दोन चाहती पोरं उभी होती. एकानं फोन वर केला, ओळख पटल्यावर खाली घेतला आणि बाजूला सरून वाट दिली. रामकिसन त्यांच्यामधून गेला. पुढं रस्ता कुठं जातो हे त्याला ठाऊक नव्हतं, एवढं मला नक्की माहीत आहे. आम्ही उंबऱ्यावर उभे राहून त्याची पिठानं पांढरी झालेली पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो.