आत्याचा गुप्त फोटो

आमच्या घरात गुप्तता फक्त मलाच कळते.

शालनआत्याचंही तेच मत होतं, म्हणून तर ती माझ्याकडे आली. आई लवकर गेली, तेव्हा आम्हा तिघा भावंडांना आत्यानं वाढवलं आणि त्यात तिचं लग्न राहून गेलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. साठीच्या आत्यानं त्या शनिवारी भरदुपारी दार लावून घेतलं, तेव्हाच मी सावध झालो. (भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत दिवसा दार लागलं, की आत कुणीतरी आजारी तरी असतं, नाहीतर भांडण तरी!)

"झिला, दादराक ज्येष्ठांचो वधू-वर मेळावो आसा. माका नाव घालूचा हा. फॉर्म आज सहाक बंद होतला. पण मजल्यार कोणाक कळाक नको हां!"

पैठणी नेसून आत्या बसली, मी माझ्या फोनवर फोटो काढला आणि केबलनं लॅपटॉपवर घेतला. फॉर्म म्हणाला, फक्त जेपीजी चालेल. माझा महागडा फोन भलत्याच प्रकारात फोटो काढतो.

"मग खालच्या झेरॉक्सवाल्याक दी."

"आत्या! त्याच्या कम्प्युटरवर अर्धं परळ पडलंय. मी एक वेबसाइट शोधलीय. ती फोटो मागवून घेत नाही, इथल्या इथे ब्राउझरमध्येच बदलते. फोटो या लॅपटॉपच्या बाहेर पाऊल टाकत नाही."

"ह्या तुका कोणी सांगल्यान?"

"तिथे लिहिलंय."

"जिन्यार 'थुंकू नये' लिवलेला आसा."

हा मुद्दा बिनतोड होता. मग मीही पेटलो. आत्याला नीट दिसावं म्हणून लॅपटॉप टीव्हीला जोडला, वेबसाइट उघडून ठेवली आणि वायफायच्या डब्याचं बटण खाडकन बंद केलं.

"घे! नेटच नाही. आता फोटो जाईल कुठून?"

नेट नसतानाही फोटोचा दोन सेकंदांत जेपीजी झाला. टीव्हीभर पैठणीतली आत्या झळकली. मी छाती फुगवली. फक्त एवढंच विसरलो, की वायफायचा पासवर्ड मीच मोठ्या मनानं अख्ख्या मजल्याला वाटला होता!

गॅलरीत एकदम अकरा दारं वाजली. मी दाराची कडी तपासली. खिडकी मात्र हवेसाठी सताड उघडी होती आणि तिच्यात शेजारच्या राणेकाकू उगवल्या.

"काय रे, नेट गेलं की काय? माझी सिरियल... अगोबाई! शालन?"

मी टीव्हीसमोर हात पसरून उभा राहिलो. टीव्ही माझ्यापेक्षा रुंद निघाला. घाईत रिमोट दाबला तर आवाज तेवढा बंद झाला! मग लॅपटॉपवर फोटो मिटवला, तर मागून फॉर्मच उघडा पडला आणि टीव्हीभर अक्षरं आली : ज्येष्ठ वधू-वर मेळावा.

"तावडे, इकडे या!" राणेकाकू गॅलरीत ओरडल्या. "शालन लग्न करतेय!"

मी वायफाय धावत चालू केलं, पण डब्याचे दिवे लागेपर्यंत राणेकाकूंनी खिडकीतून हात घालून कडी काढली होती आणि अख्खा मजला आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत उभा होता. आत्यानं पदरात तोंड लपवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हा फोटो कुणी काढला?" आमचे सेक्रेटरी तावडे माझ्या फोनमध्ये डोकावत म्हणाले. "चौकट वाकडी आलीय."

"तोंडावर अंधार आहे नुसता," राणेकाकू. "शालन, चल गॅलरीत. उजेडात उभी राहा."

कुणी गजरा आणला, कुणी आत्याचा चष्मा काढला, कुणी परत घातला. राणेकाकूंनी आपल्या जुनाट फोनवर फोटो काढला. तो थेट जेपीजीच निघाला! सहाला आठ मिनिटं असताना तो फॉर्मवर चढला. पदराआडून आत्या हसत होती.

रविवारी मेळाव्याला गुपचूप एकटी जाणार होती ती. अख्खा मजला पोचवायला गेला, आणि ज्येष्ठ वधूंपैकी दोघींनी तर तावड्यांनाच त्यांची पत्रिका विचारली.

तेव्हापासून तावड्यांनी नोटीस बोर्ड वापरणं बंद केलंय. पाणी येणार नसलं, मीटिंग असली, की ते माझ्या खिडकीशी येतात, इकडेतिकडे बघतात आणि हळूच म्हणतात, "हे खासगी आहे हां. फक्त तुलाच सांगतोय."