पेंढीची पारख

पाणथळीत पुरुषभर उंच वाढणारा बोरू कापण्यात ताईचं अख्खं आयुष्य गेलं. नवरा वारला तेव्हा ती धाकट्या भावाकडे आली, ती विळा घेऊनच. भाऊ लोकांची घरं शाकारायचा. बोरू कापणं, पाती सोलणं, बुडखे ठोकून सारखे करणं आणि पेंढ्या बांधणं, ही कामं ताई आणि भावजय करायच्या. पण पेंढी वाळली की नाही, हे सांगायचं ते ताईनंच. ती मधली एक काडी ओढायची आणि कानाशी धरून मोडायची. कडकन वाजली तर पेंढी छपरावर, नाहीतर पुन्हा उन्हात. "आमच्या ताईचा कान पक्का!" भाऊ चारचौघांत सांगायचा.

साठी उलटली आणि तोच कान दगा देऊ लागला. आधी पाखरं ऐकू येईनाशी झाली, मग चुलीवर उकळणारं पाणी. पुढे काडीचाही आवाज येईना. ताईनं कुणाला सांगितलं नाही. हे काम गेलं तर या घरात आपण कोण, हाच घोर. काडी मोडायची, क्षणभर थांबायचं आणि अंदाजानं मान डोलवायची, असं तिनं दोन वर्षं निभावून नेलं.

तिसऱ्या वर्षी सुईणीच्या घराचं छप्पर मधोमध काळं पडून खचलं. शाकारून वर्षही झालं नव्हतं. भावानं पेंढी उपसली तर आत नुसती बुरशी. घरी येऊन तो बायकोवर उखडला.

"पेंढ्यांची गंजी झाकायचं काम तुझं होतं ना? पावसात उघडी टाकलीस!"

"अहो, झाकली होती. शपथेवर सांगते."

"मग पाणी काय जमिनीतून वर चढलं?"

ताई तिथेच बसली होती. शब्द तुटक तुटक आले, पण भावजयीचा चेहरा पाहूनच तिला सगळं समजलं. तरी तिची जीभ उचलली नाही. चार दिवस नवराबायकोत अबोला होता. भावजय ताईचं ताट रोजच्यासारखंच वाढायची, आणि ताई ते अर्धं टाकून उठायची.

पाचव्या दिवशी ती भावासमोर उभी राहिली. "तिला बोल लावू नकोस. पेंढ्या ओल्याच होत्या. मला ऐकू येत नाही रे... दोन वर्षं झाली."

भाऊ अगदी सावकाश म्हणाला, "आणि चार दिवस तू तिला रडू दिलंस?"



सुईणीचं छप्पर तिघांनी उतरवलं आणि नव्यानं शाकारलं. भावानं बायकोची माफी मागितली. पारख आता भावजय करते, ताई पाती सोलते. भावजय मुद्दाम समोर येऊन बोलते, म्हणजे ताईला तिचे ओठ दिसतात.

परवा ताईनं धीर करून भावाला विचारलं, "अजून राग आहे का रे?"

तो शिडी उचलता उचलता काहीतरी म्हणाला, पण पाठमोराच. काय म्हणाला ते तिला कळलं नाही, आणि पुन्हा विचारायचं धाडस तिला झालं नाही.