कपाखालचा लाल ठिपका

अमरावतीच्या नव्या चहाच्या दुकानात लेकीने चार छोटे ग्लास मागवले. गुलाब, केशर आणि गवती चहा मी मजेत चाखला. चौथ्या ग्लासातल्या बिनदुधाच्या सुलेमानी चहातून लिंबू-दालचिनीचा वास आला आणि मी मनाने अकोल्याला, सासरी पोचले.

अकोटचे रशीदचाचा चहापत्ती विकायचे. मामाजींचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, ते जुने दोस्त. नवी पत्ती आली की आधी आमच्याकडे चाखवायला आणायचे. त्यांचा कप इतर कपांसारखाच होता, फक्त तळाला सासूबाईंनी नेलपॉलिशचा लाल ठिपका लावलेला, चुकून मिसळू नये म्हणून.

एकदा मामाजींनी पाहुण्यांसमोर माझा चहा मोरीत ओतला. "हा चा हाय का ढोराईचं पानी?" मी आतून पेटले. दुसऱ्या दिवशी चाचा सुलेमानीची पत्ती घेऊन आले. मी ठिपक्याचा कप मामाजींना दिला आणि बिनठिपक्याचा चाचांना.

"वा, आज जमला चा!" मामाजी शेवटचा घोट घेत म्हणाले.

"मामाजी, कप उलटा करून बघा. चाचांचा आहे."

ते अंगणात जाऊन ओकले. खरं सांगते, ती ओकारी ऐकून मला जो आनंद झाला, तो अजून ओसरलेला नाही.

चाचांनी आपला अर्धा कप खाली ठेवला. "ठिपका मले कवाचाच मालूम होता, बेटी. तू काहून बोलली?"

ते पुन्हा कधी आले नाहीत.

"आई, हा नाही आवडला?" लेकीने विचारलं. चौथा ग्लास मी तसाच ठेवला होता.